पावसाने उघडीप दिलीय, आधी पिंपं बघा

मंडळी, ऊन पडलं की लगेच खत-फवारणीची घाई सुरू होते सगळ्यांची, पण त्याआधी वाडीतली पाण्याची पिंपं बघा, मलेरियाचे डास त्यातच होतात. मुंबईतले गोराई-मनोरीवाले, आरेचे पाडे, रेल्वे लायनीच्या कडेला पालक-माठ लावणारे, सगळ्यांनाच सांगतोय. दरवर्षी तेच बघतो, ऋषीपंचमीच्या भाजीला भेंडी, अळू, लाल माठाला भाव असतो आणि नेमकी त्याच वेळी घरातली दोन माणसं थंडी-तापाने आडवी, भेंडी एक दिवसाआड तोडली नाही तर निबर होते, माठ जून होतो, माल वाडीतच जातो. कीड नाही, करपा नाही, मलेरियाने पीक गेलं.

मुंबईतला मलेरियाचा डास म्हणजे अ‍ॅनोफिलीस स्टीफन्सी, हा गटारातला नाही, त्याला चांगलं स्वच्छ पाणी लागतं. १९११ साली बेंटली नावाच्या डॉक्टरने मुंबईच्या मलेरियाचा अहवाल दिला त्यात विहिरींवरच बोट ठेवलं होतं, आता विहिरी बुजल्या आणि त्यांच्या जागी पिंपं अन् गच्चीवरच्या टाक्या आल्या. धो धो पावसात पिंप भरून वाहतं, अळ्याही वाहून जातात, खरा धोका उघडीप पडल्यावर, पाणी निवळतं आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात.

पांढऱ्या वाटीत पिंपाचं वरवरचं पाणी घ्या आणि जरा थांबा. अळी पाण्याच्या पृष्ठभागाला लागून आडवी, चपटी पडलेली दिसली तर ती मलेरियाची, डोकं खाली करून तिरकी लटकलेली असली तर दुसऱ्या मच्छरांची. माझा आपला अंदाज, पिंपाच्या सावलीकडच्या कडेला जास्त सापडतात, तिथूनच घ्या.

उपाय फुकटचा आहे म्हणूनच कोणी करत नाही. आठवड्यातून एक दिवस ठरवून सगळी पिंपं, बादल्या, ताडपत्रीच्या घड्यांत साचलेलं पाणी रिकामं करायचं, तेही गटारात नाही, सरळ वाफ्यात, अळ्या मातीत मरतात आणि पिकाला पाणी मिळतं. पिंप आतून काथ्याने घासा, डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं ओतून जात नाहीत. मग जुनं लुगडं दुहेरी करून तोंडावर टाका आणि सायकलच्या ट्यूबने आवळा, फट ठेवू नका. खड्डा किंवा बावखल (पाण्याचं डबकं) असेल, उपसता येत नसेल, तर अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा. पालिकेच्या कीटकनाशक विभागात विचारा, तिथून मिळतात.

दुकानदार काय काय गळ्यात मारेल सांगता येत नाही. फॉगिंग मशीन घेऊ नका, धुराने उडणारे मच्छर मरतात, पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही. पिकावरचं औषध पिंपात ओतायला सांगणारेही भेटतात, त्यातलं डायक्लोरव्हॉस तर २०२० संपताना देशात बंदच झालं, तरी कोणाकडे जुनी बाटली निघते. अळ्या मारायचा सरकारी डोस आहे टेमेफॉस ५० ईसी, फवाऱ्याच्या १० लिटर पाण्यात २.५ मिली, दर आठवड्याला, पण ते साचलेल्या पाण्यावर मारायला, पालेभाजीच्या पाण्यात मी तरी घालणार नाही. जळकं ऑईलही नको, वाफा खराब होतो.

बाकी नेहमीची कामं:
- पालेभाज्यांचे वाफे उंच, चर मोकळे
- तुडतुडे, मावा दिसला तर निंबोळी अर्क ५ टक्के
- भेंडीची तोडणी चुकवू नका, हळद्या रोगाची (पानं पिवळी पडलेली) झाडं उपटा
- युरिया पाऊस बघून, थोडा थोडा
- पिंपं (हो, परत)

वाडीवर खोपटात झोपणाऱ्यांना मच्छरदाणी द्या, हा डास रात्रीच चावतो. हुडहुडी भरून ताप आला तर क्रोसिन घेऊन बसू नका, त्याच दिवशी पालिकेच्या दवाखान्यात रक्त तपासा, फुकट आहे. व्हायव्हॅक्स (मलेरियाचा एक प्रकार) निघाला तर प्रायमाक्विनचा कोर्स १४ दिवसांचा असतो, ताप तीन दिवसांत उतरतो म्हणून लोक गोळ्या सोडतात आणि महिना-दोन महिन्यांनी तोच ताप परत येतो कारण जंतू लिव्हरमध्ये दबा धरून बसलेला असतो. गरोदर बाईला प्रायमाक्विन देत नाहीत, ते डॉक्टरला आधी सांगा.