ताप उतरला, पण दम लागतोय? हृदयाच्या स्नायूची सूज कशी ओळखावी

साताऱ्यात रोज अजिंक्यतारा चढणारा मुलगा चार दिवस तापाने पडतो आणि पाचव्या दिवशी पुन्हा गडावर. सांगलीच्या तालमीतही तेच, कणकण गेली की मेहनत सुरू. बहुतेकांना काही होत नाही. एखाद्याला मात्र निम्म्या चढावरच धाप लागते आणि घरचे म्हणतात, "अशक्तपणा आहे, दूध-अंडी खा." तो अशक्तपणाच की मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या स्नायूला आलेली सूज?

आधी तारखा लिहून काढा. ताप, खोकला किंवा जुलाब कधी झाले, दम कधीपासून लागतो. ही सूज बहुधा विषाणूच्या दुखण्यामागून एक ते तीन आठवड्यांत डोकं वर काढते. कॉक्सॅकी, पार्व्हो हे विषाणू, फ्लू, कोविड आणि आपल्याकडे डेंगीसुद्धा याला कारण ठरतात. कधी विषाणू स्वतः स्नायू पोखरतो, कधी त्याच्याशी लढणारी प्रतिकारशक्तीच स्नायूवर उलटते. क्लोझापिन (मानसिक आजारावरचं औषध) किंवा कर्करोगावरच्या काही इम्युनोथेरपीनेही (प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढवणारे उपचार) असं होतं, म्हणून चालू गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांना दाखवा. कोविड लशीची चर्चा पारावर फार होते. फायझर, मॉडर्नासारख्या एमआरएनए प्रकारच्या लशींनंतर, मुख्यतः तरुण मुलांत, ही सूज क्वचित आढळली हे खरं. पण आपल्याकडे बहुतेकांनी घेतलेल्या कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन त्या प्रकारच्या नव्हत्या.

मग स्वतःकडे नीट बघा. आधी सहज चढायचा तो जिना आता थांबत चढावा लागतो का? रात्री आडवं पडल्यावर गुदमरतं का? ठोके चुकणं, धडधड, पायावर सूज, छातीत कळ यांतलं काही असेल तर ओवा चावून 'गॅस'वर ढकलू नका. तान्हं बाळ दूध ओढताना थकतं, घामाघूम होतं. मोठी मुलं तर पोटदुखी आणि उलटीच सांगतात, त्यामुळे तिथे हमखास फसगत होते.

चक्कर येऊन पडणं, बसल्या जागी धाप किंवा छातीत जोराचं दुखणं असेल, तर १०८ ला फोन करा. मोटारसायकलवर मधे बसवून नेऊ नका.

दवाखान्यात पहिल्यांदा ईसीजी आणि रक्तातलं ट्रोपोनिन बघतात. स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन वाढतं, पण ते हार्ट अटॅकमध्येही वाढतं आणि ईसीजीही फसवा दिसू शकतो. म्हणून "पंचविशीतल्या पोराची अँजिओग्राफी कशाला?" म्हणून भांडू नका, रक्तवाहिनीत अडथळा नाही ना, हे बघायला ती लागू शकते. टू-डी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाचं पंपिंग कळतं. सौम्य सुजेत इको नॉर्मल येतो आणि तिथेच लोक निर्धास्त होतात. पण लक्षणं आणि ट्रोपोनिन सुजेकडे बोट दाखवत असतील तर हृदयाच्या एमआरआयबद्दल विचारा; सूज आणि व्रण त्यात चांगले दिसतात. स्नायूचा तुकडा काढून तपासणं सर्वांत खात्रीचं, पण ते गंभीर किंवा औषधाला दाद न देणाऱ्या रुग्णांतच करतात.

निदान झालं की जोर-बैठका, धावणं, भरतीचा सराव बंद. साधारण तीन ते सहा महिने. सुजलेल्या स्नायूवर ताण पडला तर ठोक्यांची लय बिघडून जीव जाऊ शकतो. पुन्हा सुरू करण्याआधी इको, चोवीस तासांचं होल्टर (ठोक्यांची सलग नोंद) आणि स्ट्रेस टेस्ट (व्यायाम करवून घेतलेला ईसीजी) होते. तोवर रिपोर्टची एक प्रत वस्तादांना देऊन ठेवा, नाहीतर "काय होत नाही रे" म्हणत तेच पहिल्यांदा आखाड्यात उतरवतील.