फिक्स्ड गिअर सायकलवरून विदर्भात लांबचा प्रवास कसा करावा

फिक्स्ड गिअर सायकलच्या मागच्या चाकाला फ्रीव्हील, म्हणजे पेडल थांबले तरी चाक फिरू देणारी यंत्रणा, नसते. मागचे स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चक्र) थेट हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, घट्ट बसलेले असते, त्यामुळे चाक फिरत आहे तोवर पेडलही फिरत राहते आणि उतारावरसुद्धा पाय स्थिर ठेवता येत नाहीत. लांबच्या प्रवासाची सगळी आखणी या एका गोष्टीवरून करावी लागते. साधी सायकल उतारावर जी विश्रांती आपोआप देते ती येथे मिळत नसल्याने, गिअर, मार्ग आणि थांबे यांच्या निवडीतून ती आपणच मिळवावी लागते.

सर्वांत महत्त्वाचा निर्णय गिअरचा. शहरात हौसेने लावलेला जड गिअर सामानासह दिवसभर ओढणे गुडघ्यांना झेपत नाही. पुढे ४२ आणि मागे १८ दाते ही जोडी मला विदर्भाच्या सपाट व हलक्या चढउतारांच्या रस्त्यांसाठी योग्य वाटते. ७०० सी या आकाराच्या चाकावर या जोडीने पेडलच्या एका फेरीत सायकल सुमारे ५ मीटर पुढे जाते, म्हणजे मिनिटाला ८० फेऱ्या मारल्यास ताशी २४ किलोमीटरचा वेग मिळतो. हाच हिशेब उतारावर उलटा लावून पाहावा: ताशी ४० किलोमीटरला पायांना मिनिटाला सुमारे १३३ फेऱ्या माराव्या लागतात आणि थकलेल्या पायांना ते जमत नाही. म्हणून वेग वाढल्यानंतर नव्हे, तर उताराच्या माथ्यावरच ब्रेक लावून तो आवरावा. केवळ पायांच्या उलट्या दाबावर विसंबून निघणे धोक्याचे आहे. पुढचा ब्रेक अनिवार्य समजावा आणि सामान असेल तर मागचाही बसवून घ्यावा.

हबच्या एका बाजूला फिक्स्ड स्प्रॉकेट आणि दुसऱ्या बाजूला २० दात्यांचे फ्रीव्हील बसवता आले तर फार सोय होते; चाक उलटे बसवले की चढासाठी हलका गिअर मिळतो. टूर द फ्रान्समध्ये १९३७ साली डिरेलरला, म्हणजे चालत्या सायकलवर गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला, परवानगी मिळाली; त्यापूर्वीचे स्पर्धक चढ आला की खाली उतरून मागचे चाक उलटे बसवत असत. ही जुनी युक्ती आजही तितकीच उपयोगी आहे. त्यासाठी १५ मिलिमीटरचा पाना नेहमी हाताशी हवा. चाक पुन्हा बसवताना चेन मधोमध दाबून पाहावी. ती साधारण १ सेंटिमीटर हलली पाहिजे. अधिक ढिली चेन खड्ड्यात उतरू शकते आणि फिक्स्ड सायकलवर उतरलेली चेन चाक एकदम अडकवते. स्प्रॉकेटला धरून ठेवणाऱ्या लॉकरिंगचे आटे उलटे असतात, हे लक्षात ठेवून निघण्यापूर्वी ती घट्ट करून घ्यावी.

पहिल्या प्रवासासाठी नागपूर ते यवतमाळ हा मार्ग सुचवतो. नागपूर ते वर्धा सुमारे ७५ किलोमीटर आहे; वाटेत पवनारला धाम नदीकाठी थांबून वर्धा किंवा सेवाग्रामला मुक्काम करावा. दुसऱ्या दिवशी देवळी, भिडी, कळंब करत यवतमाळ गाठावे. यवतमाळ वर्ध्यापेक्षा सुमारे २०० मीटर उंच आहे, त्यामुळे शक्ती कळंबनंतरच्या टप्प्यासाठी राखून ठेवावी. चिखलदऱ्याचा घाट मात्र पहिल्या प्रवासात घेऊ नये. चढ सायकल हातात धरून चालत पार करता येईल. पण सुमारे ११०० मीटर उंचीवरून मेळघाटच्या वळणांनी फिक्स्डवर उतरणे अनुभवी माणसालाही जड जाते. समृद्धी महामार्गावर सायकलला मनाई आहे, तेव्हा नकाशाने तो सुचवला तरी जुना रस्ताच धरावा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. याच दिवसांत कापसाने भरलेले ट्रॅक्टर जिनिंगकडे जात असतात. रात्री त्यांच्या ट्रॉलीला मागे दिवा असेलच असे नाही, म्हणून सूर्यास्तापूर्वी मुक्काम गाठावा. पाऊस पडून गेल्यावर पांदण रस्त्याने जाणे टाळावे. काळी माती टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये गच्च बसते व चाक फिरेनासे होते. गावाच्या तोंडाशी असलेल्या गतिरोधकांवर सीटवरून थोडे उठावे, पण पेडल फिरते ठेवावे. वळणावर आतल्या बाजूचे पेडल जमिनीला घासू शकते, म्हणून वळणाआधीच वेग कमी करावा.

सुट्या भागांच्या बाबतीत एक समाधानाची गोष्ट अशी की, बहुतेक फिक्स्ड सायकलींना लागणारी १/८ इंच रुंदीची चेन आपल्या साध्या काळ्या सायकलींनाही लागते, त्यामुळे ती तालुक्याच्या सायकल दुकानात मिळू शकते. ट्यूब आणि टायरचे तसे नाही. काळ्या सायकलीचे चाक ७०० सीपेक्षा मोठे असते. बाभळीचे काटे लक्षात घेता किमान २ ट्यूब, पंक्चरचे साहित्य आणि पंप जवळ असावा, आणि टायर ३२ मिलिमीटरचे किंवा फ्रेममध्ये मावतील तितके रुंद घ्यावेत.

सामान सीटमागच्या पिशवीत, टाचांना न लागेल असे बांधावे. पँटची मोहरी, ओढणी किंवा बुटाची नाडी मोकळी राहू देऊ नये. चेनमध्ये कापड अडकले तरी पेडल थांबत नाही. मुक्कामी चेन पुसतानाही हीच काळजी हवी. चाक फिरवत ठेवून फडका धरल्यास बोट स्प्रॉकेटमध्ये ओढले जाऊन तुटू शकते. चाक पूर्ण थांबवावे, स्प्रॉकेटपासून दूरचा चेनचा भाग पुसावा, हात बाजूला घेऊन चाक थोडे पुढे सरकवावे आणि मगच पुढचा भाग पुसावा.