बायोलॉजिक कोणाला लागू पडेल? अ‍ॅलर्जिक दम्यात या चुका टाळा

ओपीडीत नवा रेसिडेंट आला की महिन्याभरात हे ऐकू येतंच, "सर, आयजीई ६०० आहे, ओमॅलिझुमॅब मस्त लागू पडेल." अरे बाबा, आयजीई म्हणजे रक्तातली अ‍ॅलर्जीची अँटीबॉडी आणि ओमॅलिझुमॅब हे तिला अडवणारं बायोलॉजिक इंजेक्शन; पण आयजीईचा आकडा आणि वजन डोसच्या तक्त्यासाठी असतं, गुण येणार की नाही ते त्यावरून कळत नाही. आयजीई जंतांनीपण वाढतं.

आणि इंजेक्शन सुरू झाल्यावर आयजीई परत करूच नका. औषध आयजीईला चिकटतं, ती जोडी रक्तातून हळूहळू निघते, त्यामुळे आकडा उलट वाढतो. एकाने आकडा दुप्पट बघून "फेल" लिहून टाकलेलं, आणि पेशंट शेजारी बसून सांगतोय, आता रात्रभर झोप लागते.

पण माझं खरं डोकं फिरतं ते एईसीवरून, म्हणजे रक्तातल्या इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींच्या आकड्यावरून. अ‍ॅलर्जीत त्या वाढतात. एका मावशींचा एईसी आला ४०, लगेच शेरा, "इओसिनोफिल कमी, उपयोग नाही." मी विचारलं, मावशी, गोळ्या कुठल्या चालू आहेत? त्यांनी पिशवीतून अर्धी रिकामी स्ट्रिप काढली, प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, गावच्या डॉक्टरांनी दिलेली. स्टिरॉइड पोटात गेलं की इओसिनोफिल खाली पडणारच ना! त्याच पिशवीत मेडिकलच्या बिलात घडी घातलेला जुना सीबीसी (रक्तपेशींचा रिपोर्ट) निघाला, एईसी ६२०. इंजेक्शन दिलं, चार महिन्यांत नेब्युलायझर माळ्यावर गेला. तेव्हापासून मी वर्षभराचे सगळे सीबीसी मागवतो, सगळ्यात मोठ्या एईसीला पेनाने गोल करतो आणि शेजारी शेवटच्या स्टिरॉइडची तारीख लिहितो. वेळ जातो, जाऊ दे. एकाच रिपोर्टवर निकाल लावायची घाई असणाऱ्यांनी दुसरी ब्रँच घ्यावी.

अर्थात एईसी म्हणजे देववाणी नाही. ओमॅलिझुमॅबच्या एक्स्ट्रा ट्रायलच्या २०१३ मधल्या विश्लेषणात एईसी २६० च्या वर असलेल्यांचे अटॅक प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नुसत्या इंजेक्शनपेक्षा) ३२ टक्के कमी झाले, खालच्यांचे फक्त ९. फेनोने, म्हणजे श्वासातल्या नायट्रिक ऑक्साइडच्या चाचणीने, तर फरक अजून मोठा दाखवला, जास्त फेनोवाल्यांत ५३ टक्के, कमीवाल्यांत १६. पण फ्रान्समधल्या स्टेलेअर अभ्यासात, रोजच्या प्रॅक्टिसमधल्या पेशंटमध्ये, एईसी ३०० च्या वर काय नि खाली काय, गुण सारखाच. म्हणून नुसता एईसी कमी आहे म्हणून मी ओमॅलिझुमॅब नाकारत नाही.

फेनो बघताना सिगारेट विचारा, ती आकडा पाडते. दोन इंजेक्शनांनंतर "काही फरक नाही" म्हणू नका, १६ आठवडे थांबा.

आणि एवढं महागडं औषध लिहिण्याआधी पंप समोर घ्यायला लावा. एका काकांनी माझ्यासमोर रोटाकॅप, म्हणजे पंपात घालून श्वासाने ओढायची पावडरची कॅप्सूल, पाण्याबरोबर गिळून दाखवली, दोन वर्षं तेच चाललेलं.