डिमेन्शियाच्या उंदरावर औषध चाललं म्हणताय? आधी या चुका टाळा

वॉटर मेझमधे (पाण्याची टाकी, त्यात पाण्याखाली लपवलेला प्लॅटफॉर्म उंदराने शोधायचा) औषधवाले उंदीर प्लॅटफॉर्मवर लवकर पोचले, ग्राफ छान आला, की लगेच मेमरी सुधारली असं लिहून मोकळं व्हायचं, ही चूक इतकी कॉमन आहे की सुरुवात तिथूनच करतो. अहो, लवकर पोचला म्हणजे त्याला जागा आठवली असंच कशावरून? नुसता जोरात पोहला असेल, किंवा कंट्रोलमधला, म्हणजे औषध न दिलेला, उंदीर तरंगत बसला असेल. म्हणून वेळेसोबत वेग आणि कापलेलं अंतरही बघा, आणि शेवटच्या ट्रेनिंगनंतर २४ तासांनी प्लॅटफॉर्म काढून प्रोब ट्रायल घ्याच, त्याच भागात तो शोधत राहिला तर आठवणीबद्दल काहीतरी बोलता येईल.

आणि मुळात उंदराला दिसतंय का? ५एक्सएफएडीसारख्या (अल्झायमरसाठी जनुकं बदललेले उंदीर) काही लाइन्समधे एसजेएल या उंदरांच्या जातीचं रक्त असतं, त्यातून डोळ्याचा पडदा खराब करणारं आरडी१ म्युटेशन येतं, दोन्ही कॉप्या आल्या तर उंदीर काही आठवड्यांतच आंधळा होतो, मग भिंतीवरच्या खुणा तो बघणार कशा! आरडी१चं जीनोटायपिंग (डीएनए तपासणी) करा, आणि दिसणाऱ्या प्लॅटफॉर्मची टेस्ट सोडू नका.

स्कोपोलामाइन देऊन उंदराची आठवण बिघडवायचं मॉडेल स्वस्त आणि झटपट, म्हणून सगळे त्याच्याच मागे. पण ते अ‍ॅसिटिलकोलीनचे मस्कॅरिनिक रिसेप्टर (आठवणीसाठी लागणाऱ्या या रसायनाचा निरोप घेणारी पेशींवरची ठिकाणं) तात्पुरते ब्लॉक करतं, बस्स, त्यामुळे डोनेपेझिलसारखं अ‍ॅसिटिलकोलीन वाढवणारं औषध तिथे चालणारच. त्यावरून आजार थांबला असं म्हणू नका, त्या उंदरात प्लाकही (मेंदूत साचणारे प्रोटीनचे गोळे) नाही आणि पेशी मरत जाणंही नाही.

डोस कधी सुरू केला हेही तितकंच महत्त्वाचं. ५एक्सएफएडीत प्लाक साधारण २ महिन्यांचं वय झाल्यावर दिसायला लागतात, त्याआधीच औषध दिलं तर तुम्ही आजार टाळायचा प्रयोग केलाय, बरा करायचा नाही. पेशंट तर लक्षणं दिसल्यावर येतो ना.

काहीच फरक पडला नाही तर औषधाला नावं ठेवण्याआधी मेंदूतलं लेव्हल मोजा. रक्तात भरपूर असून ब्लड-ब्रेन बॅरियरवरचं (रक्त आणि मेंदूमधली भिंत) पी-ग्लायकोप्रोटीन हे पंपासारखं प्रोटीन ते बाहेर ढकलत असेल, आणि उंदराचं लिव्हर बरीच औषधं माणसापेक्षा खूप लवकर संपवतं, तेव्हा दिवसातून एक डोस पुरेलच असं नाही.

ग्रुप पाडताना एकाच आईची सगळी पिल्लं एका ग्रुपमधे टाकू नका, माद्या आणि नर वेगळे मोजा (५एक्सएफएडीच्या माद्यांमधे प्लाक जास्त असतात), आणि कुठल्या पिंजऱ्याला औषध गेलंय हे टेस्ट घेणाऱ्याला कळता कामा नये.