क्षार आणि ऑक्साइडे तापवताना या चुका टाळा

नाशिकच्या द्राक्षबागांत बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकासाठी लागणारे मोरचूद (स्फटिकरूप कॉपर सल्फेट) अनेक विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत येण्याआधीच पाहिलेले असते, म्हणून क्षार तापवण्याची सुरुवात त्याच्यापासून करणे योग्यच आहे. मात्र वजनाच्या प्रयोगाला फवारणीचे मोरचूद वापरू नये, कारण त्याच्या शुद्धतेची खात्री नसते.

शुद्ध मोरचुदाच्या 5 ग्रॅममधून सुमारे 1.8 ग्रॅम स्फटिकजल, म्हणजे स्फटिकांत बांधलेले पाणी, निघून जाते आणि पांढरी भुकटी उरते. घट याहून जास्त आली आणि भुकटी काळपट दिसली, तर आच फार झाली असे समजावे, कारण सुमारे 600 अंश सेल्सिअसच्या पुढे सल्फेटच फुटू लागते, सल्फरचे घातक ऑक्साइड वायू बाहेर पडतात आणि काळा कॉपर ऑक्साइड मागे राहतो. घट कमी आली, तर एक तर तापवणे अपुरे झाले आहे किंवा पावसाळ्याच्या दमट हवेत उघडी मूस थंड होताना भुकटीने पुन्हा ओलावा ओढून घेतला आहे. मूस डेसिकेटरमध्येच (हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) थंड करावी आणि लागोपाठची दोन वजने जुळेपर्यंत तापवणे व तोलणे सुरू ठेवावे.

परीक्षानळीचे तोंड वर ठेवणे ही नेहमीची चूक आहे. थंड भागावर जमलेले पाणी मागे ओघळून तापलेल्या काचेवर पडते आणि नळी तडकते. म्हणून तोंड किंचित खाली झुकवावे.

सर्वांत मोठी फसवणूक रंगाची होते. पांढरा झिंक ऑक्साइड तापल्यावर पिवळा होतो आणि थंड झाल्यावर पुन्हा पांढरा दिसतो, तरी वहीत ‘नवा पदार्थ तयार झाला’ असे लिहिले जाते. याउलट चुनखडी आधीही पांढरी आणि नंतरही पांढरीच असते, पण पूर्ण भाजल्यावर शुद्ध चुनखडीच्या 100 ग्रॅममागे 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघून गेलेला असतो. म्हणून निरीक्षण गरम आणि थंड अशा दोन्ही अवस्थांत नोंदवावे आणि निर्णय वजनावर सोडावा.

लेड नायट्रेट तडतडून उडते आणि त्यातून विषारी तपकिरी वायू निघतो. शिक्षकांच्या देखरेखीखाली, धूर खेचणाऱ्या कपाटातच ते तापवावे.

धुण्याचा सोडा बर्नरवर फक्त पाणी सोडतो. त्याच्या वायूने चुन्याची निवळी दुधाळ झाली, म्हणजे कार्बन डायऑक्साइड निघाला, तर त्यात खाण्याचा सोडा मिसळला आहे का, हे आधी तपासावे.