आरोग्य तपासणीचा पैसा कुठे घालावा, कुठे वाचवावा

वर्षाला ठरावीक रक्कम घरच्यांच्या तब्येतीसाठी बाजूला काढली की बहुतेक घरांत ती 'फुल बॉडी चेकअप'वर जाते. ती तिथे सर्वांत शेवटी जायला हवी. कुठल्याही तपासणीवर पैसे घालण्याआधी तीन गोष्टी पाहा. तो आजार तुमच्या वयात किंवा तुमच्या घराण्यात खरोखर होतो का? तो लवकर सापडला तर उपचाराला फायदा होतो का? आणि रिपोर्ट वाईट आला तर पुढचे उपचार तुम्ही घेणार आहात का? तिसऱ्याचं उत्तर 'तेव्हा बघू' असेल तर तपासणीचा पैसा फुकट गेला.

तिन्ही कसोट्यांवर रक्तदाब पहिला येतो. तो वाढला तरी दुखत-खुपत नाही, मोजायला जवळपास काही लागत नाही, आणि सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट असतात. जनऔषधी दुकानात अ‍ॅम्लोडिपिनचा महिन्याचा खर्च पन्नास रुपयांच्या आत बसतो. तोच दाब दुर्लक्षिला गेला तर पक्षाघात किंवा डायलिसिस. डायलिसिसला आठवड्यातून दोन-तीन खेपा, आणि सोबत जाणाऱ्याची मजुरीही बुडते.

यंत्र घ्यायचं तर दंडावर बांधायचंच घ्या. मनगटाच्या यंत्राचा आकडा हात जरा वर-खाली झाला की बदलतो. घेण्याआधी खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर दंडाचा घेर टेपने मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या सेंटिमीटरशी ताडून पाहा. यंत्रासोबत येणारा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंमीचा असतो. जाड दंडाला तो आखूड पडतो आणि दाब आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. अशाने माणसाला नाहक गोळ्या सुरू होतात.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, जिने चढणं बंद. लघवीला जाऊन या. खुर्चीत पाठ टेकवून, दोन्ही पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसा. मांडी घातली किंवा पायावर पाय टाकला की आकडा चढतो, बोललात तरी चढतो. पट्टा उघड्या दंडावर बांधा, सदऱ्याच्या बाहीवरून नाही, आणि हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. असं सात दिवस, सकाळ-संध्याकाळ. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. १८०/१२० च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं किंवा बोलणं अडखळणं असेल तर वही राहू द्या, थेट रुग्णालय गाठा.

सगळ्यात मोठं नुकसान पुढे होतं: दाब नॉर्मल आला म्हणून गोळी बंद केली जाते. तो गोळीमुळेच नॉर्मल आलेला असतो.

मिठाचा हिशोब तर फुकटात होतो. माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. चार माणसांच्या घराला महिन्याला ६०० ग्रॅम, आणि त्यातच लोणचं, पापड, फरसाण यांतलं मीठही धरायचं. तुमच्याकडे किलोची पुडी महिनाभरात संपत असेल तर माणशी ८ ग्रॅमच्या वर जातंय. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्तदाबाची टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नका.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची रक्तदाब, साखर आणि तोंडाच्या कर्करोगाची तपासणी आरोग्य उपकेंद्रात मोफत करायची आहे, बायकांची स्तन आणि गर्भाशयमुखाचीही. आशाताई वय, कंबरेचा घेर, तंबाखू, घरातले आजार विचारून फॉर्म भरतात. गुण ४ च्या वर गेले तर तुमचा नंबर आधी लागायला हवा.

गर्भाशयमुखाच्या तपासणीवर स्वतःचे पैसे घालायचे असतील तर एचपीव्ही चाचणीवर, म्हणजे हा कर्करोग घडवणारा विषाणू शोधणाऱ्या चाचणीवर घाला. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायकांवर मोठा अभ्यास झाला. ज्या गटाला ही चाचणी आयुष्यात एकदाच मिळाली, त्यात आठ वर्षांनंतर या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. तिशीनंतर दर ५ ते १० वर्षांनी ती पुरते. एचआयव्ही असलेल्यांना मात्र लवकर आणि जास्त वेळा लागते. बाकीच्यांनी दरवर्षी करून काही जास्त मिळत नाही.

साखरेसाठी आठ ते दहा तास उपाशीपोटीची चाचणी बहुतेकांना पुरते. १२६ किंवा वर आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करून खात्री करा. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी चाचणी, महाग असते आणि सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्यात आकडा फसवा, बहुधा कमी, येतो. विदर्भ आणि नंदुरबारकडच्या घरांनी हे जरूर ध्यानात ठेवावं. उलट लोह कमी असेल तर तो फुगतो.

आता पॅकेज. लॅबची 'नॉर्मल' मर्यादा अशी ठरवलेली असते की १०० निरोगी माणसांपैकी ९५ जण तिच्यात बसावेत. चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या, तर २० चाचण्यांत धडधाकट माणसाचा निदान एक आकडा लाल येण्याची शक्यता ६४ टक्के, आणि ६० चाचण्यांत ९५ टक्के. मग फेरचाचणी, सोनोग्राफी, तज्ज्ञांची फी आणि घरभर धास्ती. अंडाशयाच्या कर्करोगासाठीच्या सीए-१२५ सारख्या चाचण्या लक्षणं नसलेल्या बाईने करूच नयेत. तो आकडा पाळीतही वाढतो.

प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत तपासणीवर ५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. ती आरोग्य विम्याच्या २५,००० च्या मर्यादेतच मोजली जाते, आणि तपासणीचे पैसे रोखीने दिले तरी चालतात. पण २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे ५,००० खर्चून वाचतात १,०४०. त्यामुळे कर वाचवायला पॅकेज घेऊ नका. गरजेच्या तपासण्यांची बिलं मात्र नावासकट जपून ठेवा.