बिटाचा रस, आहार आणि पुरुषांची ताठरता

लिंगाला ताठरता येते ती रक्त भरल्यामुळे, आणि त्यासाठी तिथल्या रक्तवाहिन्या सैल होऊन रुंदावाव्या लागतात. हे काम शरीरात तयार होणारा नायट्रिक ऑक्साइड हा वायू करतो. त्याच्या या कार्याच्या शोधाला १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बिटात नायट्रेट भरपूर असते, जिभेवरचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि त्यातून पुढे हा वायू तयार होतो. म्हणूनच जंतुनाशक माउथवॉशने रोज चूळ भरणाऱ्याला रसाचा लाभ कमी होतो.

रसासाठी दोन मध्यम बिटे धुऊन, सोलून, त्यांच्या फोडी अर्धा कप पाणी व आल्याच्या तुकड्यासह मिक्सरमधून काढाव्यात, गाळून लिंबू पिळावे आणि रस ताजाच प्यावा. बीट उकडून पाणी ओतून दिले तर नायट्रेटचा मोठा भाग त्या पाण्याबरोबरच जातो. रसाचा रक्तवाहिन्यांवरील परिणाम साधारण दोन-तीन तासांनी जाणवण्याजोगा होतो. मधुमेह असलेल्यांनी रसाऐवजी कच्च्या बिटाची कोशिंबीर खावी, कारण गाळताना चोथा जातो आणि साखर तेवढी उरते. लघवी लालसर झाली तर घाबरू नये.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या रसाने रक्तदाब थोडा उतरतो याला चांगला आधार आहे. ताठरता थेट सुधारते याला तितका भक्कम पुरावा नाही. खरा फरक पडतो तो संपूर्ण आहाराने. इटलीतील नेपल्स येथे ताठरतेची तक्रार असलेल्या ११० स्थूल पुरुषांवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आहार व व्यायामाचे सविस्तर मार्गदर्शन मिळालेल्या ५५ जणांपैकी १७ जणांची ताठरता दोन वर्षांत पूर्ववत झाली, तर केवळ सर्वसाधारण माहिती मिळालेल्या ५५ जणांपैकी तिघांचीच. तेव्हा ताटात पालक, माठ, मेथी यांसारख्या पालेभाज्या, डाळी-उसळी, जवस, अक्रोड आणि मासे असावेत. तळण, साखर आणि मद्य कमी करावे. तंबाखू सोडल्याशिवाय मात्र यातल्या कशाचाच पुरेसा उपयोग होणार नाही, कारण ती याच रक्तवाहिन्या बिघडवते.

मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर बिटातील ऑक्सलेट व पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारूनच रस घ्यावा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असल्यास चक्करेकडे लक्ष ठेवावे. ‘शक्तिवर्धक’ चूर्णे मात्र कृपया टाळावीत. अशा काही उत्पादनांत सिल्डेनाफिल हे ताठरतेवरचे औषध लपवून मिसळलेले आढळले आहे, आणि हृदयासाठी सॉर्बिट्रेटसारखी गोळी घेणाऱ्याचा रक्तदाब त्यामुळे जीवघेणा कोसळू शकतो.

तक्रार काही आठवडे टिकली, तर संकोच न करता डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब, रक्तशर्करा आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा अरुंद असल्याने अडथळा बहुधा तिथे आधी जाणवतो, आणि हृदयविकाराची सूचना काही वर्षे अगोदर हाती येऊ शकते.